अर्ध्या मिलिमीटरची चूक

"हात लावू नका मावशी, मुद्देमाल आहे," हवालदार म्हणाला.

चंद्रभागेने हात मागे घेतला. टेबलावर विनीतशेठची नवी ठासणीची बंदूक पडली होती. नळी मधोमध फाटून केळफुलासारखी उलगडली होती. शेजारी शिशाच्या चार गोळ्या. पाचवी नळीत अडकली, आणि शेठच्या गड्याच्या, गणूच्या, डाव्या हाताची तीन बोटं गेली.

"गोळ्या तुमच्याच?"

"माझ्याच. पन या बंदुकीच्या नाय."

चंद्रभागेचा नवरा रामा कुर्ल्याच्या कारखान्यात बावीस वर्षं टर्नर होता. गावी परतला तो बारीक माप घ्यायचं एक व्हर्निअर घेऊन. पोलादपूरच्या डोंगरात रानडुकरांसाठी लोकांकडे ज्या परवान्याच्या बंदुका होत्या, त्यातल्या दोन नळ्या कधी सारख्या नसत. रामा प्रत्येक नळी मोजायचा आणि तिचा वेगळा साचा करायचा. नळीपेक्षा गोळी अर्धा मिलिमीटर कमी, उरलेल्या फटीत तेलाची चिंधी. रामा गेला, त्याच्या बंदुकीचा परवाना बायकोच्या नावावर झाला, आणि कामही. बाईच्या हातची गोळी म्हणून पहिल्यांदा लोक हसले. मग मुकाट्याने यायला लागले. तिची एकच अट होती, बंदूक दाखवल्याशिवाय गोळी नाही.

गणपतीत विनीतशेठचा फोन आला होता. जुनी बंदूक विकली, नवी घेतली, दहा गोळ्या पाठव. बंदूक घेऊन ये, असं ती म्हणाली. "नळी ती नळी, काकी," म्हणत त्याने फोन ठेवला. आला नाही.

"मोजू द्या एकदा," ती हवालदाराला म्हणाली.

त्यालाही उत्सुकता होती. त्याने दार लोटून घेतलं. चंद्रभागेने पिशवीतून व्हर्निअर काढून नळीच्या तोंडाला लावलं, मग एकेका गोळीला.

"नळी साडेचौदा, गोळी पंधरा. या त्येच्या जुन्या बंदुकीच्या, उरलेल्या. ती पाचवी दारूवर जाऊन बसलीच नाय. अर्ध्यावर अडकली. खाली दारू, मधी पोकळी. नळी फुटायचीच."

"हे लेखी द्याल?"

"दीन की."

"मग शेठच अडकतो. परवाना त्याचा आणि बंदूक दिली गड्याच्या हातात." हवालदाराने घड्याळाकडे पाहिलं. "उद्या साहेब आहेत. सकाळी या."

ती तिथून महाडला दवाखान्यात गेली. गणू भिंतीकडे तोंड करून पडला होता. ती आल्याचं कळलं तरी वळला नाही.

"गोळी जात नव्हती, काकी," तो भिंतीला सांगावं तसं म्हणाला. "शेटला फोन केला. म्हनला, ठोक."

"मग ह्ये सांग ना सायबाला."

"सांगून बोटं येतील काय?"

त्याची बायको बनुबाई चंद्रभागेला हाताला धरून बाहेर घेऊन गेली. "शेट येऊन गेला गो काकी. गोळी खराब व्हती असं निघालं तर गणूला ठेवीन म्हनला, ढोरांकडं बघायला. नायतर खोली खाली करा. गोठ्यामागची खोली त्येचीच हाय. आमी जायाचं कुठं?" तिने डोळे पुसले नाहीत. "तुझं काय जातंय? तुझं घर हाय, शेत हाय."

चंद्रभागेला शेठपेक्षा बनूचाच राग आला. "माझं काय जातंय त्ये तुला नाय कळायचं," एवढं बोलून ती एसटी पकडायला निघाली.

सकाळी तिने लिहून दिलं. गोळी ओतताना माझ्याकडून माप चुकले.

हवालदाराने कागद दोनदा वाचला. "काल तर तुम्ही..."

"काल चुकलं."

तिचा परवाना गेला. घरातली बंदूक, नऊ साचे आणि व्हर्निअर पंचनाम्यात गेलं. महाडच्या कोर्टाच्या तारखा लागल्या. ठाण्याबाहेर विनीतशेठ जीपला टेकून उभा होता. त्याने हात जोडले. "उपकार झाले, काकी."

"गणूला घराभायेर काढलंस तर मी परत हितं येईन."

शेठने मान डोलावली. तीन महिने शब्द पाळला. माघात ढोरं विकली आणि खोलीला कुलूप लावलं. गणू-बनू दासगावला बनूच्या भावाच्या पडवीत राहायला गेली. चंद्रभागा ठाण्यात गेली, तेव्हा हवालदाराने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"आता काय करणार मावशी? सही तुमचीच आहे."

शिमग्याच्या आधी वरच्या वाडीतला धोंडू आला. मेलेल्या चुलत्याचा परवाना त्याच्या नावावर झाला होता. खांद्यावरची बंदूक त्याने ओट्यावर आडवी ठेवली.

"नळीचं माप घ्या, काकी. बाजारात कुनीपन कसलीपन गोळी देतो."

ती वालाच्या शेंगा सोलत होती. परसातल्या वालाचे निम्मे वेल डुकरांनी उपटून टाकले होते. राहिलेल्या वेलांच्या शेंगा तिने लवकरच काढून आणल्या होत्या.

"माझं माप चुकतं रे. ठान्यात लिवलेलं हाय."

धोंडू हसला. ती हसली नाही. तो बंदूक उचलून पायवाटेला लागला.

"धोंडू," तिने हाक मारली.

तो वळला.

"गोळी तळाला गेली नाय तर ठोकू नको. कुनी बी सांगितलं तरी."

त्याने मान हलवली. ती पुन्हा शेंगा सोलू लागली. कोवळ्या होत्या. दाणे नखाएवढेही भरले नव्हते.