बाईच्या बोटांचे ठसे मी खाल्ले नाहीत

मी इस्त्री बोलतेय. बोलून उपयोग काय म्हणा, माझं खरं वाटलंय कुणाला आजवर? कॉलर पिवळी पडली, इस्त्रीमुळे. बटण वितळलं, इस्त्रीमुळे. कापड मुळातच हलकं, दुकानदाराने गळ्यात मारलेलं, तरी खापर माझ्याच डोक्यावर. ते सगळं मी गिळलं. पण यंदा जो आळ आला तो काही मला गिळता येत नाही. बाईच्या बोटांचे ठसे मी खाल्ले म्हणे! आणि माझ्यापायी तिचं बहिणीकडे जाणं अडलं म्हणे! आता ऐकाच.

मी कारखान्यात जन्मले, तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते दुकान. खोक्यातून काढून एका बाईने मला हातात तोललं आणि दुकानदाराला म्हणाली, "हीच द्या. मला जडच पाहिजे. हलक्या इस्त्रीला काय, नुसतं गोंजारायला ठेवायचंय?" मला ती तिथेच आवडली. स्वभाव जुळला आमचा. दोघीही तापट.

रस्त्याकडेला एक गाळा, त्यात लाकडी टेबल, टेबलावर जुनं ब्लँकेट आणि त्यावर चादर. एवढाच संसार. बाई मला फिरवायची आणि तिचा नवरा घड्या घालायचा. घडी अशी, की चार वर्षांचा शर्ट कालच घेतल्यासारखा दिसावा. म्हणून गिऱ्हाइकं त्याला घडीनाना म्हणायला लागली. बाई मात्र 'अहो'च म्हणायची. माणूस मायाळू, पण एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की सोडायचा नाही. कडेला केसाएवढा फरक राहिला तरी घडी उलगडायचा नि पुन्हा घालायचा.

बाईची एक खोड होती. मी तापले की नाही हे बघायला बोट ओलं करून माझ्या बुडाला टेकवायची. चर्र झालं की कामाला लागायची. आणि माझ्यापुढे कापड सारखं करायला तिची बोटं नेहमी धावत असायची. अशी वर्षं गेली. शर्टांच्या बाह्या ओढता ओढता तिने हा गाळा विकत घेतला, मग शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा. पुढे गुडघे थकले तेव्हा टेबल हलवलं नि गाळे भाड्याने दिले. एक चष्मेवाल्याला, एक वह्या-पेनवाल्याला, एक शिंप्याला. मी गाळ्यांवरच्या त्यांच्या घरात आले. घरचे कपडे तेवढे करायचे, आणि शेजारपाजारचं काही आलं तर बाईच्याने नाही म्हणवायचं नाही.

अशात धाकट्या बहिणीचा फोन आला. ही धाकटी समुद्रापलीकडे राहते, नवरा गेल्यापासून एकटी. लहानपणी दोघी एका पांघरुणात झोपायच्या. लग्नं झाल्यावर भेट व्हायची ती कुणी गेलं तरच.

"ताई, माझ्या शेजारचं घर रिकामं झालंय. भिंतीला भिंत. घरमालकीण म्हणते उन्हाळा संपेपर्यंत थांबेन, मग दुसऱ्याला देईन. तू ये गं. मी इकडे खोकले तरी तुला ऐकू येईल."

"तू खोकणार नि मी रात्रभर जागणार होय?" बाई म्हणाली. आणि फोन नवऱ्याच्या हातात कोंबून नाक पुसायला आत गेली.

त्या देशात म्हाताऱ्या माणसांना राहायचा व्हिसा मिळतो. अट एवढीच, तिथे कामधंदा करायचा नाही आणि घरबसल्या दर महिन्याला पैसे येतात हे दाखवायचं. कागद भरायला एक सल्लागार घरी आला. त्याने चष्मा सारखा करून वाचलं, "काम न करता मिळणारं उत्पन्न. इथे गाळ्यांचं भाडं लिहूया."

"काम न करता?" बाईचा आवाज चढला. "तुम्ही कधी भर दुपारी पत्र्याखाली उभं राहून कपडे केलेत? ते गाळे काय मला आभाळातून पडले?"

"ताई, मी कुठे काय म्हणतोय? त्यांचे शब्द आहेत हे."

"मग त्यांना सांगा, शब्द बदला."

शब्द बदलले नाहीत, पण कागद सगळे पास झाले. भाडेकरार, बँकेचे उतारे, डॉक्टरचा दाखला. राहिली फक्त बोटं. त्या देशाच्या इथल्या व्हिसा कचेरीत काचेवर बोटं टेकवायची, म्हणजे ठसे उमटतात. घडीनानांचे उमटले. बाईचे काही उमटेनात. कडेला थोड्या रेषा, मधे सगळं कोरं. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "हाताला आराम द्या, पुढच्या महिन्यात या. पण फाइल बंद व्हायच्या आत या हं, नाहीतर सगळं पहिल्यापासून." आणि पहिल्यापासून म्हणजे उन्हाळा संपलाच. घर गेलं, धाकटी एकटीच राहिली.

घरी आल्या आल्या घडीनानांनी माझ्याकडे बोट केलं. "हिने खाल्ले ठसे."

तेव्हा मलाही शंका आली. इतक्या वर्षांच्या चर्रचर्रमध्ये थोडेफार गेले असतील, नाही कशाला म्हणू? मला फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवलं. फडक्याला भोक होतं, म्हणून पुढचं सगळं मी या डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी टीव्ही लावून दोघं बसायची. घडीनाना कोमट पाण्याचा वाडगा आणायचे, बाईचा हात मांडीवर घ्यायचे आणि एकेक बोट वजरीने घासायचे. वजरी, टाचा घासायचा तो खरखरीत दगड!

"वरची मेलेली कातडी निघाली की खालचे ठसे वर येतील बघ," ते म्हणायचे. "भांडं घासलं की कशी नक्षी दिसते?"

बाई डोळे मिटून बसायची. एरवी कुणाला दोन शब्द पुरे बोलू न देणारी बाई, पण तिचा हात इतका वेळ कुणी हातात धरला नव्हता जन्मात. मग तेल लावायचं, फुंकर घालायची, दुसरा हात घ्यायचा. मी कपाटावरून ओरडत होते, अहो नाना, सालपटं काढताय तुम्ही तिच्या बोटांची! पण थंड इस्त्रीचं कोण ऐकतो?

महिन्याने पुन्हा गेले. आता कडेच्या रेषाही गायब.

"तू चोरून इस्त्री करतेस," घडीनाना म्हणाले.

"मी? आईशपथ हात लावला नाही!"

"मग कसे जातात? चष्मेवालाही म्हणत होता, परवा जिन्यात गरम कापडाचा वास येत होता."

त्या चष्मेवाल्याला वासातलं काय कळतंय? खाली शिंपी बसतो, त्याची इस्त्री दिवसभर चालू असते. पण नाही, चोर मीच. घडीनानांनी पक्कड आणली आणि माझ्या वायरीची पिन कापून टाकली. हातपाय तोडलेल्या माणसाला विचारा मला काय वाटलं ते. आणि तरी दुसऱ्या दिवशी शेजारीण विचारते, "गॅसवर तापवत असतील का हो?"

आता फाइल बंद व्हायला थोडेच आठवडे उरले. घडीनाना सकाळ-संध्याकाळ घासायला लागले. धाकटी रोज फोन करून रडायची, बाई तिला ओरडायची आणि फोन ठेवून स्वतः रडायची.

एक दिवस बाईने फोन तांब्याला टेकवून ठेवला होता. चेहऱ्याला चेहरा दिसतो तसला फोन. बोलता बोलता धाकटी थांबली.

"भावजी, ते हातात काय आहे तुमच्या?"

"वजरी."

"टाचेची?"

"छे! हिच्यासाठी वेगळी नवी आणलीय."

"अहो पण तुम्ही बोटं घासताय!"

"मग? ठसे वर येतायत."

"वर येतायत? भावजी, पाटी पुसून पुसून अक्षर वर येतं का कधी? देवा रे! तुम्ही माझ्या ताईची बोटं नाही, माझं शेजारचं घर घासताय!"

बाईने बोटं उजेडात धरली. गुलाबी, गुळगुळीत, धुतलेल्या बशीसारखी. मग ती जी हसायला लागली ती थांबेना. "आणि मी म्हणत होते, काय जीव लावतो हा माणूस!"

"लावतोच आहे की," घडीनाना पुटपुटले आणि वजरी खिशात घातली.

त्या दिवसापासून बाईला पाण्यातही हात घालायचा नाही. भांडी नाना घासायचे, बाई चमच्याने जेवायची आणि खुर्चीत बसून हुकूम सोडायची. आधी उजवा अंगठा उगवला, मग एकेक बोट. शेवटच्या दिवशी काचेवर टेकवली, खिडकीवरच्या मुलीने टाळी वाजवली म्हणतात. व्हिसा आला. धाकटीने शेजारच्या घराला पडदे लावून टाकलेत.

मी काही जात नाही. माझं वजन विमानाला झेपायचं नाही, आणि तिकडची पिनही वेगळी असते. वह्या-पेनवाल्याच्या बायकोकडे जायचं ठरलंय. बरी आहे ती, हात हलका आहे. रडगाणं मी गात नाही. बाई बहिणीजवळ झोपणार, मला तेवढं पुरे. तुम्हाला एवढंच सांगते, घरातल्या इस्त्रीला बोल लावण्याआधी मूठ कुणाच्या हातात होती ते बघत जा.

पण काल काय झालं ते सांगितल्याशिवाय मी जायची नाही. तिथे पोचल्यावर पुन्हा एकदा ठसे द्यायचेत, म्हणून बाईला अजून मला शिवायची बंदी. घडीनानांनी मला नवी पिन बसवली, बटण पार शेवटापर्यंत फिरवलं आणि बाईचा प्रवासाचा निळा कोट टेबलावर पसरला. मला बाहीवर टेकवलं आणि हे गृहस्थ कोपऱ्यातला हातरुमाल घडी करायला वळले. एक कोपरा जुळेना. उलगडला. पुन्हा घातला. पुन्हा उलगडला.

धूर बघून बाई आली. बाहीवर माझ्या आकाराचा तपकिरी डाग.

"हे कुणी केलं?"

"जुनी झाली गं ही इस्त्री," ते म्हणाले. "हिचा काही भरवसा नाही."

बाईने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या हातातल्या रुमालाकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत नवऱ्याला तिने 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. काल कमरेवर हात ठेवून, तिन्ही गाळ्यांत ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "घडीनाना!"