भिंतीवरचं निरोगी हाड

“आई, तुझी पाठ वाकत चाललीय. एकदा तरी झोप की त्या मशीनवर,” असं मॅडमची लेक त्यांना म्हणाली होती. मॅडमनी मानसुद्धा वर केली नाही. “माझं हाड भिंतीवर टांगलंय. जाऊन बघ.”

मित्रांनो, ती मशीन म्हणजे मीच. आता जुनी झाले आहे. हाडं किती भरीव आहेत ते मी मोजते. मी प्रयोगशाळेत आले तेव्हा मॅडम तरुण संशोधक होत्या. मला तपासून बघायला त्या स्वतःच माझ्यावर झोपल्या. त्यांच्या मणक्यांचं चित्र इतकं सुरेख आलं की ते चौकटीत बसवून दाराशेजारी लावलं. खाली लिहिलं, ‘निरोगी हाड’.

पुढे शेकडो बायका माझ्यावर झोपल्या. त्यांच्या मापांवर मॅडमचे शोधनिबंध उभे राहिले, मानसन्मान आले. नव्या विद्यार्थ्यांना त्या सांगत, “हाड म्हणजे दगड नव्हे. काही पेशी जुनं हाड पोखरतात, काही नवं भरतात. दहाएक वर्षांत सांगाडा जवळपास नवा होतो. वय झालं की पोखरणाऱ्यांची सरशी होते, मणके चेपतात, उंची घटते.” आणि हे सांगताना बोट त्याच जुन्या चित्राकडे. मला संताप यायचा. एवढी शिकलेली माणसं त्या खोलीत, पण ‘मॅडम, तुमचं शेवटचं कधी मोजलं?’ एवढं विचारायला एकाचंही तोंड उघडलं नाही. मग शेजारच्या खोलीत नवी मशीन आली आणि माझ्यावर अहवालांचे गठ्ठे, छत्र्या, कुणाचा तरी स्वेटर. मी काय फळी आहे?

एक दिवस लेक आपल्या गुटगुटीत बाळाला घेऊन आली. मॅडमनी नातवाला उचललं, माझ्यावर बसवायला गेल्या, तर जागा कुठे होती? एका हातावर बाळ, दुसऱ्या हातानं गठ्ठा सरकवायला त्या वाकल्या आणि तशाच थिजल्या. लेकीनं झडप घालून बाळ घेतलं.

“काही नाही गं, उसण भरली.”

“उसण भरली म्हणे. हेच दुसरी कुणी म्हणाली असती तर सोडलं असतंस तिला?” लेकीनं एका हातानं सगळे गठ्ठे खाली लोटले. “हळू टेक. आणि भाषण नको.”

सहायकानं मला चालू केलं. मी कुरकुरत सरकले. पडद्यावर एक मणका चेपलेला, बाकीचे विरलेल्या कापडासारखे.

“दहा वर्षांत सांगाडा नवा होतो, असं तूच सांगतेस ना?” लेक हळूच म्हणाली. “मग भिंतीवरचं हाड कुणाचं?”

“आता कुणाचंच नाही,” मॅडम म्हणाल्या. “काढ ते.”

आता उपचार चालू आहेत. नातवाला त्या बसूनच मांडीवर घेतात. माझा राग मात्र गेलेला नाही. तुमच्याही घरात सगळ्यांना जपणारी अशी कुणी असेल, जिची पाठ कुणीच बघत नाही. मित्रांनो, आज घरी गेलात की जरा बघा, वरच्या फळीवरच्या डब्यापर्यंत तिचा हात अजून पोचतो का, की हल्ली ती गुपचूप स्टूल ओढते.