खिडकीतली मोत्यांची वेल

घर सोडताना ईरानं कपडे, पुस्तकं, शिलाई मशीन सगळं नेलं. बैठकीच्या खिडकीत टांगलेली वेल तेवढी राहून गेली. हिरव्या वाटाण्यांच्या माळा ओवून सोडाव्यात, तशी ती कुंडीतून हातभर खाली लोंबायची. नवऱ्याशी, रजतशी, तिचं पटलं नाही. कोर्टातून दोघं मोकळी झाली. तो रायपूरला गेला, ती माहेरी किरनापूरला. बालाघाटच्या घरात रजतचे आईवडील, कालिंदी आणि चिंतामणराव, एवढेच उरले.

कालिंदीचा राग सुनेवर होता. लेकावरही होता, पण तो पोटचा. वेलीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. चिंतामणराव पेपर वाचून उठताना कधीमधी पेल्यात उरलेलं पाणी कुंडीत ओतायचे, तेवढंच. तरी वेल वाढतच गेली.

मे महिन्यात मणी सुरकुतले. कालिंदीच्या मनात काय आलं कोण जाणे, तिनं रोज तांब्याभर पाणी घालायला सुरुवात केली. झळ लागू नये म्हणून कुंडी कूलरसमोर आणून ठेवली. थोड्याच दिवसांत मणी पिवळे, पाणचट झाले आणि बोट लावताच गळू लागले.

"सडून राह्यली ते," चिंतामणराव म्हणाले. "फेकून दे."

"काहून फेकू? जिची हाय तिलेच विचारते."

ईरा गेल्यापासून कालिंदीनं तिला फोन केला नव्हता. आज लावला. पलीकडून ईरा म्हणाली, "आई?"

"तुही वेल मरून राह्यली. काय करू सांग."

"पाणी रोज देता का?"

"हौ. कूलरची हवा बी देते."

"मंग पाण्यानंच मरून राह्यली, आई. जे दांडे कडक हायत ते कापा. दोन दिवस सावलीत सुकू द्या. मंग रेतीच्या मातीवर नुसते आडवे ठेवा, गाडू नका. उजेड पाहिजे, पण दुपारचं ऊन नको. माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी देऊ नका."

कालिंदीनं फोन स्पीकरवर ठेवून कात्री घेतली. मुळापाशी सगळा चिखल झाला होता. वरचे थोडे दांडे धड निघाले.

"मले वाटलं, तुम्ही कवाच फेकली असन," ईरा म्हणाली.

"फेकणारच होती." कालिंदी कापत राहिली. "जाताना तू मले एक शब्द बोलली नाही."

"तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेरच नाही आल्या. मी दारात उभी होती."

ते खरं होतं. त्या दिवशी कालिंदी ओट्यापाशी पाठ करून उभी होती, हातात काही काम नसताना.

"हौ," ती म्हणाली. "नाही आली मी."

दांड्यांना मुळं फुटली. ती फुटली का हे विचारायला ईराचा फोन आला. मग येतच राहिला. झाडाचं बोलणं लवकर संपायचं. ईराला शाळेत नोकरी लागली, चिंतामणरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, असं एकमेकींना कळत गेलं.

रजतला हे आवडलं नाही. "अब क्या रिश्ता है उससे?" तो फोनवर म्हणाला.

"तुमचं तुम्ही तोडलं," कालिंदी म्हणाली. "मले कोणी विचारलं नव्हतं. मी बोलन तिच्यासंग."

दिवाळीनंतर ईरा बँकेच्या कामानं बालाघाटला आली आणि तासभर घरी बसली. कालिंदीनं पोहे केले. रजतचं नाव कोणीच काढलं नाही. निघताना कालिंदीनं त्याच वेलीची एक कुंडी कागदात गुंडाळून दिली आणि फाटकापर्यंत तिच्याबरोबर चालत गेली.