कडक पोलादाचा हुक

सन एकोणीसशे अडुसष्ट. मी तेव्हा पोलादाच्या कारखान्यात तपासणी खोलीत कामाला होते, आणि आमचे हे बर्फाच्या कारखान्यात. तिथल्या गारठ्यात हुकाला लटकून येणाऱ्या बर्फाच्या लाद्या खाली उभं राहून वळवायचं काम ह्यांचं. जुना हुक ओझ्यानं हळूहळू उघडत चालला होता, म्हणून ह्यांनीच मालकांच्या मागे लागून आमच्याकडून नवा मागवला.

"तुझ्यासारखा कडक असू दे," मला म्हणाले. "वाकायचं नाव नको."

हुक झाला, ताणून पाहिला, पास झाला. गाडी फाटकात उभी, आणि आमच्या साहेबांनी सही अडवली. त्यांना सगळे शंकासुर म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात.

"बाई, जुन्या हुकाच्या जातीचं पोलाद आणि हे नवं, दोन्हींचे तुकडे घ्या. बर्फात मीठ घालून त्यात बुडवा."

मॅनेजर वैतागले. "आता लोणचं घालताय का त्याचं? गाडी खोळंबलीय!"

"हुक टांगायचा बर्फाच्या खोलीत. मग उन्हातली परीक्षा काय कामाची?"

आमच्याकडे एक झुलता हातोडा होता. खाच पाडलेला बोटभर तुकडा त्याच्या वाटेत ठेवायचा आणि हातोडा सोडायचा. तुकडा चिवट असला की हातोड्याचा जोर खातो.

जुनं, मऊ पोलाद वाकलं, अर्धवट फाटलं, पण तुटलं नाही. मग नव्याचा तुकडा चिमट्यानं उचलून गार असतानाच झटकन ठेवला. टण्! वाटेत काही नसल्यासारखा हातोडा पलीकडे उंच गेला. तुटलेलं तोंड साखरेसारखं चकाकत होतं.

दोन्ही अर्धे मी साहेबांपुढे ठेवले.

"वाकणारा हुक आधी सांगतो तरी," साहेब म्हणाले. "हा न सांगता गेला असता."

मॅनेजरांनी गाडी रिकामी करायला लावली. मग गारठ्यातही चिवट राहणाऱ्या, निकेल घातलेल्या पोलादाचा हुक केला. त्याचेही तुकडे साहेबांनी बर्फात घालूनच पास केले.

घरी ह्यांना सांगितलं. तर म्हणाले, "म्हणजे कडक असू दे म्हणालो, ते चुकलंच की!"

"मला म्हणा हवं तर. हुकाला नको."

मॅनेजर पुढे दुसऱ्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर गेले. तिथं म्हणे स्वतःच बर्फ मागवायचे. साहेब निवृत्तीनंतर लेकीकडे राहिले. ते गेल्यावर मी तिला भेटून म्हटलं, "बाळ, तुझ्या वडिलांच्या शंकेवर माझा संसार उभा आहे." आमचे हे निवृत्त होईपर्यंत त्या हुकाखाली राबले, नातवंडांना खांद्यावर मिरवलं, आणि पिकल्या वयात, घरच्या अंथरुणावर, माझ्या हातचं पाणी पिऊन गेले.