काठाची जाडी

वॉशिंग मशीन टक् करून थांबलं आणि स्वयंपाकघर एकदम शांत झालं. विब्केचा हात फोनकडे गेला. पण फोन वाजला नव्हता. भिंगांच्या कारखान्यांसाठी नावाजलेल्या जर्मनीतल्या येनाच्या विद्यापीठात भिंगरचना शिकवायची कायमची जागा कुणाची, ते आज दुपारी कळणार होतं. तिची की टॉर्बेनची. लेकीसाठी तिने तीन वर्षं रजा घेतली, तेव्हा तिचे वर्ग टॉर्बेननेच घेतले होते, तेही तिनेच लिहिलेल्या प्रोग्रॅमवर.

त्यात संगणकाच्या पडद्यावर भिंग काढायचं, रंगीत किरण सोडायचे आणि ते कुठे जमतात ते बघायचं. भिंग फुगवत नेलं की किरण कसे एका टिंबात येतात! पण त्या नादात भिंगाच्या दोन्ही बाजू काठाशी एकमेकींतून आरपार जातात. जाडी शून्याच्याही खाली. असली काच घासणार कोण? म्हणून विब्केने तिथे लाल रेघ ठेवली होती. ती उमटली की चित्र थांबायचं. टॉर्बेनने रेघच काढून टाकली. "मुलं कंटाळतात गं," एवढंच म्हणाला.

फोन वाजला. निवड समितीचे प्रोफेसर हार्बिश.

"विब्के, वाईट वाटून घेऊ नका. समितीला टॉर्बेनची चित्रं फार आवडली. काय ते किरण! अगदी टाचणीच्या टोकावर!"

"त्या भिंगाचा काठ उणे दोन मिलिमीटर आहे, प्रोफेसर."

"अहो, चित्र आहे ते."

"हे येनात बसून म्हणताय? काच घासणारे हसतील आपल्याला."

"समितीत काच घासणारे नव्हते," ते स्वतःच हसले. "आणि तुमचंही बरंच झालं की. पोरगी लहान आहे."

टॉर्बेनला जुळी मुलं आहेत. त्याला हे कुणी म्हटलं नसणार. पण तोवर फोन ठेवला गेला होता.

लेक योरुन झोपेतून उठून आली, तशीच ऊबदार मांडीवर चढली. पडद्यावर टॉर्बेनने काढलेलं भिंगाचं चित्र होतं.

"कित्ती छान, आई!"

"छान आहे. पण खरं भिंग असं होत नाही, पिल्लू. हात जोड बघू. आता हा तळवा त्या तळव्यातून पलीकडे काढ."

योरुनने ओठ दाबून जोर लावला. "नाही जात."

"नाहीच जात."

"तुझ्या वर्गातल्या दादा-तायांना माहितेय?"

"नाही."

योरुनने तळवे पुन्हा एकमेकांवर रेटून पाहिले.

"मग आता त्यांना कोण सांगणार?"