चारनंतरची गच्ची

आमच्या घरातून चादर गेली की ती पांढरी म्हणजे पांढरीच. तीस वर्षं इस्पितळाच्या चादरी आम्ही धुतो. भट्टीत उकळायच्या, नीळ द्यायची, गच्चीवर दोऱ्यांना चिमटे लावून घालायच्या आणि दुपारी चारच्या आत उतरवायच्या. कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका, ही आमची खूण. कुणी त्या टाक्याला नावं ठेवली असती तर मी त्यालाच उभा धुतला असता.

मागच्या गल्लीत पुठ्ठ्याचा कारखाना आहे. त्याचं धुराडं रोज सकाळी अकराला झाडायचे. आत साचलेली काजळी वाफेनं उडवली की ती आमच्या गच्चीवर हजर. ओल्या चादरींवर काळे ठिपके. पुन्हा भट्टी, पुन्हा नीळ. एक दिवस मी तशीच ओली चादर खांद्यावर टाकून मॅनेजरकडे गेले आणि त्याच्या टेबलावर पसरली. फायली भिजल्या. विचारलं त्याला, घरी असली चादर अंथरली तर झोपशील का? माणूस नरम होता. म्हणाला, झाडावं तर लागणारच, पण वेळ बदलता येईल. वेळ मीच सांगितली. चारनंतर.

गल्लीत महिनाभर माझं कौतुक चाललं. मीही ते मिरवलं, खोटं कशाला बोलू.

माझी नात सात वर्षांची. एका जागी ती फक्त झोपेत असायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. दिवस भरायच्या आधी जन्मली, छाती नाजूक, पण तोंड माझ्यावर गेलेलं. चादरी वाळत असताना तिला गच्चीवर बंदी, हा माझा कायदा. तिच्या मळक्या हातांचा काय भरवसा? चादरी उतरल्या की गच्ची तिची. शाळेतून यायची, दप्तर भिरकावायची आणि वर पळायची. खालच्या दोरीला ओळीनं चिमटे लावून त्यांची शाळा घ्यायची. सगळ्यांत मोठा चिमटा म्हणजे मी. तो बडबड करतो म्हणून त्याला रोज शिक्षा.

त्या हिवाळ्यात तिला खोकल्यानं धरलं. दिवसा बरी असायची, दिवेलागणीला छातीतून शिट्टी वाजायची. मी सुनेलाच बोलायची, पोरीचे केस ओले ठेवतेस, अंगात स्वेटर घालत नाहीस. एकदा सून म्हणाली की थोडे दिवस तिला संध्याकाळी वर पाठवायला नको, वरची हवा… मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"का गं, तुझ्या माहेरी हवा गाळून देतात?"

मुलगा हसला. सून पोरीचे केस पुसायला लागली.

डॉक्टरांनी तोंडातून ओढायचा पंप दिला. विचारलं, घरात कुणी विडी ओढतं का, आसपास धूर, धूळ आहे का. सुनेनं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, धूळ असती तर आमच्या चादरी अशा असत्या का? तुमच्या खाटांवर आमच्याच आहेत, बघून घ्या. डॉक्टर म्हणाले, आजी, डोळ्यांना दिसते ती बरीचशी नाकातोंडात अडकते. दिसत नाही इतकी बारीक असते ती फुप्फुसाच्या तळाशी जाते, तिथून रक्तातही उतरते. मी म्हटलं, आमच्याकडे दोन्ही नाहीत.

हिवाळा सरता सरता एका संध्याकाळी ती गच्चीवरून खाली आली आणि जिन्यातच बसली. ओठ निळे पडले होते. पंपानं भागलं नाही. मुलगा तिला उचलून धावत सुटला, मागे आम्ही दोघी. इस्पितळात ज्या खाटेवर तिला ठेवलं, तिच्यावरच्या चादरीच्या कोपऱ्यात लाल टाका होता. एक डाग नव्हता तिच्यावर. तासाभरात सगळं संपलं.

आठवड्यानं भट्टी पुन्हा पेटवली. खाटा कुणासाठी रिकाम्या राहत नाहीत. चादरी धुतल्या, वर घातल्या. पण चारला त्या उतरवायला कुणी गेलंच नाही. ज्याला त्याला वाटलं दुसरा जाईल. खरं म्हणजे ती रिकामी गच्ची कुणालाच बघायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. चादरी करड्या पडल्या होत्या. नुसते ठिपके नव्हते, इथून तिथून करड्या. बोटानं रेघ ओढली तेव्हा खालचा पांढरा दिसला. खालच्या दोरीवर तिची शाळा अजून भरलेली होती. एकेका चिमट्यावर काळा थर. तीस वर्षं मी हवा चादरीवर तपासली, आणि चादर उतरली की तपासायचं सोडून दिलं.

चादर घेऊन खाली आले आणि सुनेपुढे धरली. म्हटलं, ही वेळ मी ठरवून दिली होती.

तिनं चादरीकडे बघितलंसुद्धा नाही. "मला माहीत होतं, आई. तिचं नाक पुसलं की रुमाल काळा व्हायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर द्यायला मला येतं.

बाकीच्या चादरी भट्टीत टाकल्या. ती एक घडी करून काखेत मारली, चपला घातल्या आणि कारखान्याकडे निघाले. मागून सुनेनं विचारलं, "आता कुठली वेळ सांगणार आहात?"

मी उंबऱ्यातच उभी राहिले. सकाळी समोरच्यांचं बाळ अंगणात असतं. दुपारी शाळा सुटते. संध्याकाळी सगळी गल्लीच बाहेर बसते. सांगण्यासारखी एकही वेळ मला सुचेना.