सीताफळाच्या बियांची पूड

कडूबाईच्या डोळ्यांत धुकं उतरलं त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. पण तिने ते कुणाला कळू दिलं नव्हतं. पाटोद्याच्या डोंगरकडेचं ते छोटंसं गाव तिच्या पायांना पाठ होतं. मिठाचा डबा कुठे, उंबरा कुठे, विहिरीच्या वाटेवरचा उखडलेला दगड कुठे, सगळं तिला न बघता सापडत असे. माणूस बोलला की ती ओळखायची आणि नुसता समोर उभा राहिला की खोकल्याचं निमित्त करून तो बोलेपर्यंत थांबायची. संध्याकाळी दिवे लागले की प्रत्येक बल्बभोवती तिला पिवळं खळं दिसे. मग ती लवकर आडवी होई.

लपवण्यामागे कारण होतं. तिचा मुलगा परमेश्वर आणि सून वनमाला दिवाळीनंतर ऊसतोडीला जात, ते फाल्गुनापर्यंत फडावरच असत. नात आरोही दुसरीत असताना त्यांच्यासोबत गेली होती. परत आली तेव्हा तिला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. यंदा ती चौथीत होती आणि आज्जीपाशी राहिली तरच तिची शाळा टिकणार होती.

ट्रॅक्टर दारात उभा राहिला त्या सकाळी परमेश्वरने विचारलं होतं, "माय, तुला नीट दिसतंय ना? न्हाई तर पोरीला संगं नेतो."

"मला काय धाड भरली? सुईत दोरा ववून दाखवू का?"

बोलली खरी, पण हा आता सुई मागतो की काय म्हणून तिने लगबगीने भाकरीचं गाठोडं त्याच्या हातात दिलं. परमेश्वर हसला आणि ट्रॅक्टरवर चढला.

शेजारच्या जानकीबाईला मात्र संशय होता. मागच्या वर्षी तिच्या स्वतःच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून तिला गावातली प्रत्येक गोष्ट जरा जास्तच दिसत होती.

"कडू, तुझी डोळ्यातली बाहुली पांढरी दिसायलीय गं. दाखव की एकदा."

"अजून पिकला न्हाई मोतीबिंदू. माझ्या मावशीला डॉक्टर म्हणलेता, पिकू द्या, मग काढू."

"ती तुझी मावशी जाऊन तीस वर्सं झाली! आन् पिकू दे म्हणं. आढीत घातलाय का त्याला?"

कडूबाई हसली आणि विषय बदलला. पण त्याच आठवड्यात तिने रस्त्यावर आरोहीचा हात धरून "चल, मोकळा हाय रस्ता" म्हणत पाऊल टाकलं आणि एक मोटारसायकल करकचून ब्रेक दाबत त्यांच्या पुढ्यात येऊन थांबली. मोटारसायकलवरचा पोरगा शिव्या देत निघून गेला. घरी येईपर्यंत आरोही आज्जीकडे वर मान करून पाहत होती. ते पाहणं कडूबाईला दिसलं नाही, पण जाणवलं.

मग शाळेतून उवा आल्या. आरोही वर्गात डोकं खाजवते म्हणून बाईंनी तिला मागे बसवलं.

यावर कडूबाईकडे आईपासून चालत आलेला उपाय होता. हंगामात खाल्लेल्या सीताफळांच्या बिया तिने पत्र्यावर वाळवून ठेवल्या होत्या. त्या कुटून बारीक पूड करायची, तेलात कालवायची आणि केसांच्या मुळांना लावायची. उवा मरतात. पण जे उवांना मारतं ते डोळ्याला सोडत नाही. म्हणून तिची आई आधी कपाळावर घट्ट फडकं बांधायची आणि लेप लावताना नजर फडक्यावरून हलू द्यायची नाही.

रविवारी उन्हात बसून कडूबाईने आरोहीच्या कपाळावर फडकं बांधलं. बोटांनी गाठ चाचपली. गाठ पक्की होती. पण फडकं केसांच्या कडेला वर सरकलं होतं आणि तिच्या नजरेला केस, कपाळ, फडकं हे सगळं एकच काळपट ढग होतं. तिने लेप लावायला घेतला. आरोही पाढे म्हणत होती. ती मध्येच थांबली.

"आज्जी, कायतरी वघळायलंय."

"घाम असंल. हलू नको."

"डोळ्याकडं यायलंय, आज्जी."

"हलू नको म्हणलं ना," कडूबाई म्हणाली आणि घाम पुसावा तसा पोरीच्या कपाळावरून, डोळ्यावरून हात फिरवला. लेपाने भरलेला हात.

आरोहीची किंकाळी ऐकून जानकीबाई धावत आली तेव्हा कडूबाई पदराने पोरीचा डोळा चोळत होती आणि त्या पदरालाही तेच लागलेलं होतं. जानकीबाईने तिला बाजूला ढकललं, पोरीचं डोकं मागे धरलं आणि डोळ्यावर पाण्याची धार सोडली. घागर संपली तशी दुसरी आणली. कडूबाई जमिनीवर बसून फक्त ऐकत होती. पाणी पडत होतं आणि पोरगी ओरडत होती.

बीडपर्यंतच्या जीपमध्ये जानकीबाईही सोबत होती. आरोहीने दोन्ही डोळे मिटून घेतले होते. "आज्जी, मला आता दिसणार न्हाई का?" असं तिने एकदाच विचारलं. कडूबाईने तिला कुशीत ओढलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीचा डोळा पुन्हा धुतला, औषधाचे थेंब टाकले, यंत्रासमोर हनुवटी टेकवून बराच वेळ पाहिलं.

"बुबुळावरचा पातळ पापुद्रा सोलून निघालाय. लगेच पाणी मारलं ते बरं झालं. पापुद्रा भरून येईल, पण डाग राहतो की नाही ते महिनाभराने कळेल." मग त्यांचा आवाज कडूबाईकडे वळला. "आज्जी, तुम्ही खुर्ची समजून भिंत चाचपत होतात. या इथे, बसा यंत्रापुढे."

तपासून झाल्यावर त्यांनी समजावलं ते आरोहीला. तिची भीती जावी म्हणून असेल किंवा आज्जीला सांगण्याची ती त्यांची रीत असेल.

"डोळ्याच्या बाहुलीमागे एक भिंग असतं, काचेसारखं स्वच्छ. वय झालं की ते गढूळ होतं. तोच मोतीबिंदू. तो वरून आलेला पडदा नाही, म्हणून थेंबांनी किंवा काजळाने पुसला जात नाही. गढूळ भिंग काढून नवं बसवायचं, एवढाच इलाज."

"पिकल्यावर?" आरोहीने विचारलं.

"तुमच्याकडे सीताफळ झाडावरच जास्त पिकलं तर काय होतं?"

"फुटतं. मुंग्या लागतात."

"तसंच. फार थांबलं तर भिंग फुगतं, डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस मरते. मग ऑपरेशन करूनही उजेड येत नाही. पूर्वी थांबावं लागायचं, आता लागत नाही."

कडूबाईने विचारलं, "त्या लेझरनं काढत्यात म्हणं?"

"तसं बहुतेकांना वाटतं. एका पद्धतीत अगदी बारीक छेद घेऊन यंत्राच्या कंपनांनी भिंगाचा चुरा करतात आणि ओढून घेतात. मग घडीचं भिंग आत सोडतात, ते आत उलगडतं. तुमच्या डाव्या डोळ्याला ते चालेल. उजव्यातलं भिंग मात्र तपकिरी, दगडासारखं झालंय. ते फोडत बसलं तर बुबुळाला इजा होईल. तिथे थोडा मोठा छेद घेऊन हाताने भिंगाचा अख्खा गर काढायचा, मागची पातळ पिशवी तशीच ठेवायची आणि तिच्यात नवं भिंग बसवायचं. दोन्हींत डोळा बधिर करतात, माणूस जागा असतो. आधी उजवा करू. दाब वाढायला लागलाय त्याचा."

"दिसंल का पण?"

डॉक्टरीणबाईंनी यंत्राचा दिवा बंद केला. "नस किती शिल्लक आहे ते भिंग काढल्यावरच कळेल. तुम्ही वर्षापूर्वी आला असतात तर मी लगेच हो म्हटलं असतं."

बाहेरच्या बाकावर बसून कडूबाईने जानकीबाईला ऑपरेशनसाठी नंबर लावायला सांगितला. परमेश्वरशी फोनवर ती स्वतः बोलली. काही लपवलं नाही. पलीकडे ट्रॅक्टर बंद केल्याचा आवाज आला.

"येतो मी," परमेश्वर म्हणाला. "पोरीला घेऊन जातो."

दोन दिवसांनी तो आला. डॉक्टरीणबाईंनी त्याला ऑपरेशननंतरची काळजी सांगितली. महिनाभर थेंब, चुलीचा धूर नको, ओझं नको, डोळ्याला पाणी नको.

"थेंब मी टाकीन की," आरोही म्हणाली. तिच्या डोळ्यावरची पट्टी आता निघाली होती.

परमेश्वरने मायकडे पाहिलं. "दिसलं तर राहील पोरगी. न्हाई तर तुझी पट्टी निघाल्याबरूबर तिला संगं नेणार. मला आता इस्वास ऱ्हाईला न्हाई, माय."

ऑपरेशनच्या टेबलावर कडूबाईला दुखलं नाही. डोळ्यावर दाब आला, वरचा दिवा विरघळल्यासारखा झाला, मग सगळं पट्टीआड गेलं. रात्रभर ती त्या अंधाराशी बोलत होती. सकाळी नर्सने पट्टी सोडली तेव्हा तिने डोळा लगेच उघडला नाही.

"माय, उघड. काय दिसतंय?"

आधी नुसता पांढरा झगझगाट आला. त्यातून खिडकीची निळी चौकट निघाली. निळा रंग इतका निळा असतो हे ती विसरली होती. मग अगदी जवळ आरोहीचा चेहरा दिसला, कपाळावरचा तीळ, फुटलेले ओठ. कडूबाईची नजर तिच्या उजव्या डोळ्यापाशी थांबली.

"हिच्या बुबुळाच्या कडेला पांढरा ठिपका हाय," ती हळू म्हणाली. "खसखशीएवढा. खालच्या बाजूला."

परमेश्वर पुढे वाकला. त्याने पोरीला उजेडात वळवलं, हनुवटी वर केली, डोळे बारीक केले. इतके दिवस जवळ असून त्याला तो दिसला नव्हता.

"हाय खरं," तो म्हणाला. मग पिशवीतून त्याने आरोहीचा सोबत न्यायला बांधून ठेवलेला फ्रॉक काढला आणि मायच्या खाटेवर ठेवला. "थेंब येळच्या येळी टाक गं. आन् तेवढ्या बिया उकिरड्यावर फेका."

आरोहीने बाटली हलवली, आज्जीची पापणी दोन बोटांनी खाली ओढली. बाटलीचं टोक जवळ आलं. त्यामागे तो काळाभोर डोळा आणि त्याच्या कडेवरचा पांढरा ठिपका. कडूबाईला दुसरीकडे बघायचं होतं.

"हलू नको," आरोही म्हणाली.

ती हलली नाही.